घोडेस्वारीचे वाचलेले ज्ञान मांडीत कसे उतरवावे

घोडेस्वारी शिकणारे काही जण पुष्कळ वाचतात, पण खोगिरावर बसताच त्यांचे सारे लक्ष नियम आठवण्यात जाते. काही जण वर्षानुवर्षे रपेट करतात, पण घोडा एका बाजूला वळायला का कुरकुरतो हे त्यांना सांगता येत नाही. दोहोंची सांगड घालायची असेल तर एका रपेटीसाठी एकच मुद्दा निवडावा, तो आधी समजून घ्यावा आणि मग घोड्यावर अनुभवावा. येथे घोड्याच्या चालीचा मुद्दा घेतला आहे, कारण स्वाराचा प्रत्येक इशारा तिच्या ठेक्यात बसवावा लागतो.

सुरुवात जमिनीवरून करावी. संथ चालीत चार ठोके पडतात : मागचा डावा पाय, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडकीत तिरक्या जोडीतले पाय, म्हणजे पुढचा एका बाजूचा आणि मागचा दुसऱ्या बाजूचा, एकदम टेकतात, म्हणून दोनच ठोके ऐकू येतात. हा क्रम नुसता पाठ करून भागत नाही. दुसरा कोणी घोडा चालवत असताना कुंपणाबाहेर उभे राहून फक्त मागच्या डाव्या पायावर नजर ठेवावी आणि तो उचलला गेला की दर वेळी मोठ्याने ‘आता’ म्हणावे.

हे जमू लागले की तोच सराव खोगिरावर करावा. त्यासाठी घोडा शांत आणि अनुभवी हवा, स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट हवे आणि घोड्याला जाणत्या माणसाने धरून चालवावे. स्वाराने डोळे मिटून घ्यावेत. मागचा डावा पाय पुढे येऊ लागला की घोड्याचे पोट उजवीकडे झुलते आणि स्वाराच्या बैठकीची डावी बाजू किंचित खाली जाते; ते जाणवताच ‘आता’ म्हणावे आणि बरोबर की चूक ते सोबत्याने सांगावे. पहिल्या काही दिवसांत पुष्कळ चुकते. तरी डोळे उघडून खाली पाहण्याचा मोह टाळावा, कारण पाहून मिळालेले उत्तर मांडीला काहीच शिकवत नाही. दहा मिनिटे पुरेत; त्यापुढे लक्ष विखुरते.

आता सिद्धांताकडे परत यावे. पाय हवेत असतानाच त्याच्या पावलावर परिणाम करता येतो. तो टेकून त्यावर भार आला की वेळ निघून गेलेली असते. म्हणून डाव्या पोटरीचा इशारा पोट उजवीकडे झुलत असतानाच द्यावा. तो उशिरा दिला की घोडा ऐकत नाही असे वाटते आणि स्वार अधिक जोराने टाच मारतो. माझ्या मते टाचा मारण्याची वाईट सवय बहुतेकांना येथेच लागते, आणि तिची शिक्षा निरपराध जनावराला भोगावी लागते.

इशारा देण्याइतकेच तो थांबवणेही महत्त्वाचे आहे. घोड्याला आपण बरोबर केले हे दाब सुटण्यातून कळते, त्यामुळे प्रतिसाद मिळताच पोटरी किंवा लगाम त्याच क्षणी सैल करावा; दाब चालूच राहिला तर घोडा हळूहळू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आपला हात नेमका केव्हा सुटतो हे स्वतःला क्वचितच कळते, म्हणून अधूनमधून चित्रफीत काढून घ्यावी.

खरारा करून झाल्यावर वहीत तीन ओळी लिहाव्यात : काय ठरवले होते, घोड्याने काय केले आणि काय उमगले नाही. पुढचे वाचन तिसऱ्या ओळीवरून ठरवावे.

वाचलेले आणि घोड्याचे वागणे यांत मेळ बसत नसेल, तर आधी घोड्याचे शरीर तपासावे. खोगीर पाठीला बोचते का, तोंडातली लोखंडी कडी टोचते का, दात, खूर किंवा नाल यांचा त्रास आहे का, हे पाहावे आणि शंका आल्यास पशुवैद्याला बोलवावे. त्यानंतर स्वतःची मांड पाहावी : कान, खांदा, नितंब आणि टाच एका उभ्या रेषेत आहेत का, हे बाजूने पाहणाऱ्याला विचारावे. दोन्ही ठीक असतील तरच पद्धत बदलावी, तीही एका वेळी एकच गोष्ट बदलून, आणि निष्कर्ष काढण्यापूर्वी काही रपेटी जाऊ द्याव्यात.