उभ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी उतरत होती: माझा अनुभव

तळघरात सहा दिवस बंद उभ्या असलेल्या माझ्या ३० किलोवॅट-तास बॅटरीच्या गाडीचा चार्ज ८ टक्क्यांनी उतरे, म्हणजे सरासरी सुमारे १७ वॉट सतत खर्च होत होते. १२ व्होल्टची छोटी बॅटरी (दिवे, लॉक वगैरे चालवणारी, मोठ्या बॅटरीतूनच चार्ज होणारी) बदलली, सॉफ्टवेअरही अद्ययावत केले, फरक शून्य. ॲपमधून दर तासाला चार्ज पाहणे तर उलटेच पडले, कारण त्या विचारणेनेच गाडी जागी होत असे.

अखेर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारे उपकरण) आणला (साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो). बॉनेट उघडून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलली, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटावे; मीटर शून्यावर आणून १२ व्होल्ट बॅटरीच्या ऋण केबलभोवती अडकवला, गाडी लॉक केली, चावी घरी ठेवली आणि गाडी झोपावी म्हणून ४० मिनिटे थांबलो. नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलींना हात लावायचा नाही. आकडा १.१ अँपिअरच्या खाली येईना.

फ्यूज उपसल्यास झोपलेली यंत्रणा जागी होते, म्हणून ते जागेवरच ठेवून प्रत्येकाच्या माथ्यावरील दोन उघड्या टोकांमधले मिलिव्होल्ट मोजले; आकडा दिसला तर त्या फ्यूजमधून प्रवाह वाहतोय. डायग्नोस्टिक सॉकेटच्या (गाडीतील बिघाड तपासणारे उपकरण जोडायच्या जागेच्या) फ्यूजवर आकडा दिसला. तिथे मीच लावलेला, गाडीचे ठिकाण कळवणारा ट्रॅकर होता! तो काढून पुन्हा ४० मिनिटांनी मोजले, तेव्हा ०.०३ अँपिअर. बॉनेट लावण्यापूर्वी कडी लीव्हर ओढून मोकळी केली. पुढच्या सहा दिवसांत चार्ज १ टक्काही उतरला नाही.