माइंत्सला आरएनएवर पीएचडी करायला येताय? आधी करार वाचा

जर्मनीतल्या माइंत्सला पीएचडीसाठी येणारी आपली मुलं भेटली की पहिला प्रश्न घराचा विचारतात. घर उशिरा मिळतं, पण मिळतं. करार मात्र सही करण्याआधीच नीट वाचायला हवा. तो बहुधा तीन वर्षांचा असतो, आणि आरएनए डॅमेजवर, म्हणजे आरएनएच्या रेणूंत होणाऱ्या बिघाडावर, काम करणाऱ्याचं पहिलं वर्ष तर हाती ठोस काही न लागता सरतं.

ते का सरतं, हे विषयातच आहे. डीएनए बिघडला की पेशी तो दुरुस्त करते, हे आपण बी.एस्सी.पासून घोकलेलं. आरएनए बिघडला तर नवा बनेल, त्यात काय एवढं, असं बराच काळ मानलं गेलं. पण एमआरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा आरएनए. तो बिघडला की त्याच्यावर रायबोसोम, म्हणजे निरोप वाचून प्रथिन बनवणारं यंत्र, अडकतो, मागचा रायबोसोम येऊन त्याच्यावर आदळतो आणि या टकरीवरून पेशीला धोका कळतो. उन्हाने त्वचा भाजते तेव्हा सुरुवातीची जळजळ याच वाटेने, झॅक-अल्फा या प्रथिनामार्फत सुरू होते, असं कोपनहेगनच्या गटाने २०२४ मध्ये उंदरांवर दाखवलं. त्याआधी २०२३ मध्ये माइंत्सच्या आयएमबी या रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या पेत्रा बेली आणि म्युनिकचे युलियान श्टिंगेले यांच्या गटांनी फॉर्माल्डिहाइडचा माग काढला. हे रसायन आपल्या पेशींतही तयार होत असतं. त्याने आरएनएला चिकटवलेलं प्रथिन रायबोसोमची वाट अडवतं, आणि आरएनएफ-१४ हे एन्झाइम त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करतं, म्हणजे ते काढून टाकता येतं.

वाचायला हे सुरेख आहे. बेंचवर पहिली लढाई वेगळीच असते: दिसतंय ते डॅमेज पेशीतलं की आपण केलेलं? हातावरचे आरनेज, म्हणजे आरएनए तोडणारी एन्झाइम्स, जास्त वेळ गरम केलेला नमुना, त्यात मॅग्नेशियम, झाले आरएनएचे तुकडे. आरएनएतल्या ग्वानिन या घटकाचं ऑक्सिडीकरण तर आरएनए वेगळा करतानाही होतं, म्हणून बफरमध्ये अँटिऑक्सिडंट आणि लोह बांधून ठेवणारं रसायन घालतात. सगळ्यात फसवा एम-वन-ए, म्हणजे आरएनएतल्या ॲडेनिनवर मिथाइल गट बसून होणारा बदल. अल्किलेशनने, म्हणजे एखाद्या रसायनाने असा गट चिकटवल्याने, झाला तर तो डॅमेज. पण प्रथिन बनवताना लागणाऱ्या टीआरएनए आणि आरआरएनए या दुसऱ्या आरएनएंमध्ये तो मुळातच असतो. पेशीतल्या एकूण आरएनएत एमआरएनए जेमतेम काही टक्के. थोडा आरआरएनए मागे राहिला तरी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणारं यंत्र, सुंदर सिग्नल देतो, आणि तो तुमच्या कामाचा नसतो. हे सगळं निस्तरण्यातच वर्ष जातं. त्यात वाया काही जात नाही, पण कराराचं घड्याळ थांबत नाही.

म्हणून मुलाखतीत न लाजता विचारा. चौथ्या वर्षाचा पैसा कुठून येणार? मास स्पेक्ट्रोमीटर संस्थेत आहे की दुसऱ्या शहरात नमुने पाठवावे लागतात? गटातून याआधी बाहेर पडलेल्यांना किती वर्षं लागली? आपल्याकडे गाइडला असं विचारणं आगाऊपणा वाटतो. इथे उलट न विचारणाऱ्याबद्दलच शंका घेतात.

जागा शोधायच्या तर आयएमबीचा आंतरराष्ट्रीय पीएचडी कार्यक्रम वर्षातून दोनदा अर्ज मागवतो, काम इंग्रजीत चालतं. आरएनएवरच्या रासायनिक बदलांचा अभ्यास करणारा माइंत्स-हायडेलबर्गचा आरएमएपी हा संयुक्त प्रकल्प २०२१ पासून आहे. त्यातल्या गटांच्या जाहिराती वेगळ्या निघतात. थेट गटप्रमुखाला ईमेल करायचा असेल तर त्यांचा एक पेपर खरोखर वाचून, त्यातला एक प्रश्न घालून करा. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारी दोन पानी पत्रं कुणी वाचत नाही.

विद्यावेतनापेक्षा नोकरीचा करार केव्हाही बरा. सरकारी वेतनश्रेणी ई-१३चे बहुधा ६५ टक्के मिळतात, वर आरोग्य विमा, पेन्शनची वर्गणी आणि वर्षाला ३० दिवस रजा. ती रजा घ्या. न घेतल्याबद्दल शाबासकी मिळत नाही.

आल्यावरची कागदपत्रं थोडक्यात. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, त्यामुळे ते न देणाऱ्याचं घर स्वस्त असलं तरी नको. कर-क्रमांक नंतर टपालाने येतो. तोवर पगार झाला तर कर सगळ्यात चढ्या दराने कापला जाऊ शकतो. घाबरू नका, पुढे हिशेब जुळतो. लेटरबॉक्सवर नाव लावा, नाहीतर काहीच पोचणार नाही.

नोकरी लागली म्हणजे पीएचडीला प्रवेश झाला असंही नाही. विद्याशाखेकडे डॉक्टरेटची स्वतंत्र नोंदणी करावी लागते, तिला एम.एस्सी.ची मूळ प्रमाणपत्रं लागतात. ती आईच्या कपाटात ठेवून येऊ नका.

आणि घरच्यांना आताच सांगून ठेवा: तोंडी परीक्षा पार पडली तरी प्रबंध रीतसर प्रकाशित होऊन प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नावामागे ‘डॉ.’ लावता येत नाही. लग्नपत्रिका त्या हिशेबाने छापा.