प्राणायाम करताना चक्कर, मुंग्या, धडधड? मग या चुका टाळा

पहिल्यांदा माझी बोटं वाकडी झाली तेव्हा मला वाटलं, संपलं, अटॅकच येतोय. सोसायटीची गच्ची, सकाळचे सव्वासहा, सतरंजीवर बसून भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास आत-बाहेर, चाललेली, शेजारचे काका "अजून जोरात, अजून जोरात" करतायत आणि मीही इरेला पेटलेलो. दोन-तीन मिनिटांत ओठांभोवती मुंग्या, मग हातांना मुंग्या, मग अंगठा आपोआप तळव्याकडे वळायला लागला आणि डोकं एकदम हलकं. काका म्हणाले, "छान, ऊर्जा जागृत होतेय." ऊर्जा कसली डोंबलाची!

झालं एवढंच होतं की मी गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केली. आपल्याला वाटतं जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन, पण कोविडमध्ये घरोघरी आलेला तो ऑक्सिमीटर आठवा, धडधाकट माणूस नुसता बसून असला तरी ९७-९८ दाखवायचा. म्हणजे भांडं आधीच काठोकाठ, वरून कितीही ओता, मावणार कुठे? उलट जोरात श्वास सोडताना कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, आणि तो काही नुसता कचरा नाही बरं का. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चक्कर येते, रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं, मोकळं कॅल्शियम कमी पडतं म्हणून मुंग्या येतात आणि बोटं वळतात. असं झालं तर थांबायचं, नाकाने साधा श्वास घेत बसून राहायचं, थोड्या वेळात आपोआप उतरतं. छातीत दुखत असेल, एकाच बाजूचा हात-पाय बधिर झाला असेल किंवा जीभ अडखळत असेल तर मात्र वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

या सगळ्याचं मूळ मला वाटतं एका शब्दात आहे. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की आपण छाती फुगवून, खांदे कानाला लावून, नाकाचा आवाज काढत मोठ्ठा श्वास घेतो. अहो, दीर्घ म्हणजे लांब! शाळेत ऱ्हस्व-दीर्घ शिकलो ते काय, दीर्घ ई म्हणजे ओरडून म्हटलेली ई का? श्वास लांबवायचा, फुगवायचा नाही.

आणि लांबवायचा तोही जास्त करून सोडताना. आत्ता वाचता वाचता करून बघा, डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवा, नाडी लागली की सेकंदाला एक आकडा मोजत चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. चार-पाच श्वास झाले की बऱ्याच जणांना कळतं, आत घेताना ठोके किंचित पळतात आणि सोडताना रेंगाळतात. व्हेगस नावाची एक नस मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाते, ती श्वास सोडताना हृदयाचा लगाम जरा ओढते, म्हणून लांब उच्छ्वासाने मन शांत झाल्यासारखं वाटतं, उगीच नाही. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, या ४-६ च्या हिशोबाने ते ६ वर येतात. दम लागला, मधेच जांभईसारखा मोठा श्वास घ्यावासा वाटला तर समजा लांबी झेपत नाहीये, ३-४ वर या, लाज कसली त्यात.

आता कपालभाती. याच्यात तर स्पर्धाच लागते, कोणी ५०० ठोके तर कोणी १०००. मुळात हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत कपालभाती प्राणायामात नाहीच, धौती-नेतीसारख्या सहा शुद्धिक्रियांमध्ये आहे. करताना एक तळवा बेंबीखाली ठेवा, श्वास सोडताना पोट झटक्यात आत गेलं पाहिजे आणि घेताना काहीच करायचं नाही, तो आपसूक येतो. पोट उलटं बाहेर येत असेल, खांदे उडत असतील, चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला असेल तर आकडा विसरा, २० नीट करा आणि थांबा. गरोदर असाल, हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, बीपी आटोक्यात नसेल किंवा हार्टचा त्रास असेल तर हे नकोच. भस्त्रिका आणि ताणून धरलेला कुंभक, म्हणजे श्वास रोखून ठेवणं, यांनाही तेच लागू. काचबिंदू असेल तर शीर्षासन वगैरे डोकं खाली जाणारी आसनं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

अनुलोम-विलोम म्हणजे एकेक नाकपुडी बंद करून आळीपाळीने श्वास घेणं, त्याबद्दल आमच्या आईची कायमची तक्रार, "अरे, माझं एक नाक बंदच असतं." बहुतेकांचं असतं! काही तासांनी एक नाकपुडी जरा चोंदते, दुसरी मोकळी होते, हे चक्र चालूच असतं, त्यात बिघाड काही नाही. आई मग हट्टाने बंद नाकातून श्वास ओढायची आणि डोकं धरून बसायची. तिला सांगितलं, उजवं चोंदलं असेल तर पाच मिनिटं डाव्या कुशीवर पड, वरची नाकपुडी मोकळी होते. तरी नाही झाली तर त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी हळू श्वास घे नाहीतर भ्रामरी कर, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुण. शिवाय ती नाक असं दाबायची की जणू नळ बंद करतेय, खरं तर बोट नुसतं टेकवलं तरी पुरतं.

रात्री झोप येत नाही म्हणून भस्त्रिका करणारेही मला भेटलेत. मग टक्क जागे राहतात आणि योगाला नावं ठेवतात. वेगाचे प्रकार सकाळी रिकाम्या पोटी, रात्री फक्त संथ. आणि काहींना डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की उलट घाबरायला होतं, धडधड वाढते, त्यांनी जबरदस्ती बसू नये. डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष द्या, नाहीतर सरळ सूर्यनमस्कार घाला किंवा चालायला जा.

राहता राहिले काका. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढलं तेच मुळी योगाचे परिणाम यंत्रं लावून मोजायला, आणि आमच्या काकांनी शंभर वर्षांनी काय केलं तर बीपी मोजणंच सोडलं, "आता प्राणायाम आहे" म्हणून गोळीही बंद केली. दीड महिन्याने पुतण्याने पट्टा बांधला तर वरचा आकडा १७०. संथ श्वसनाने बीपी थोडं उतरायला मदत होते, पण गोळी कमी करायची की नाही ते आकडे बघून डॉक्टर ठरवणार, गच्ची नाही. आता काकांची गोळी सुरू आहे, रोज सकाळी माझ्या शेजारी बसून चार-सहा मोजतात, आणि कोणी नवीन माणूस आला की अजूनही म्हणतात, "अजून जोरात!"