प्लिकर्सची कार्डं वाचली जाईनात, तेव्हा

माझ्या सातवीच्या वर्गात ३८ मुलं आणि मोबाईल एकच, माझा. त्यासाठी प्लिकर्स हे सगळ्या वर्गाची उत्तरं एकाच मोबाईलवर टिपणारं ॲप बरं वाटलं. प्रत्येक मुलाच्या हातात चौकटी-चौकटीचं काळं चित्र असलेलं कार्ड. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर करून धरायची, मी मोबाईलचा कॅमेरा फिरवायचा, की झालं. मी कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवला, म्हणजे घोळ नको.

घोळ झालाच. पहिल्या दिवशी २१ कार्डंच वाचली गेली. मला वाटलं मोबाईल जुना. मग खिडकीजवळच्या पोरीचं कार्ड पाहिलं तर नुसतं चकाकत होतं. कार्डं टिकावीत म्हणून मी हौसेनं चकचकीत लॅमिनेशन करून आणलं होतं, तेच नडलं! शिवाय कापताना काळ्या चित्राभोवतीची पांढरी कड मीच उडवली होती, आणि मुलांची बोटं थेट चित्रावर.

पुन्हा साध्या कागदावर प्रिंट काढल्या, कड राखून कापल्या आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर चिकटवल्या. (घरात पत्रिकांना तोटा नाही.) कार्ड कोपऱ्यांना धरायची दोन मिनिटं तालीम घेतली.

दुसऱ्या खेपेला ३८ पैकी ३८. १/२ + १/३ विचारलं तर ११ जणांनी २/५ वर केलं. वहीत हे मला रविवारी कळलं असतं. फळा पुसला आणि भाकरीचे तुकडे काढायला घेतले.