सीडीए फाइलपासून वाचता येईल असा दस्तऐवज: एक्सएसएलटी स्टाइलशीट कशी लिहावी

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या पोर्टलवरून रुग्णाचा आरोग्य-सारांश उतरवून घेतला की बरेचदा हाती एक एक्सएमएल फाइल येते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर टॅगांच्या गर्दीत औषध कुठले आणि मात्रा किती हेच सापडत नाही. हा सी-सीडीए, म्हणजे आरोग्य-दस्तऐवजांचा अमेरिकेत वापरला जाणारा साचा. त्याचा पाया म्हणजे आरोग्यमाहितीची मानके ठरवणाऱ्या एचएल7 संस्थेने 2005मध्ये आणलेली सीडीए (क्लिनिकल डॉक्युमेंट आर्किटेक्चर) या मानकाची दुसरी आवृत्ती. अशा फाइलचे एचटीएमएल पान करणारी स्टाइलशीट, म्हणजे रूपांतराच्या नियमांची फाइल, एक्सएसएलटी 1.0 या एक्सएमएल-रूपांतराच्या भाषेत आरामात लिहिता येते.

कामाला लागण्यापूर्वी फाइलची रचना समजून घ्या. वर हेडर असतो: रुग्ण, डॉक्टर, रुग्णालय, तारखा. खाली बॉडीमध्ये एकेक सेक्शन असतो आणि सेक्शनमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात. 'टेक्स्ट'मध्ये माणसाने वाचायचा मजकूर आणि 'एंट्री'मध्ये संगणकासाठी कोड. नवखे लोक एंट्रीतल्या कोडांपासून स्वतःचे तक्ते बनवायला जातात. तसे करू नका. सही करणारा डॉक्टर ज्याची जबाबदारी घेतो तो मजकूर टेक्स्टमध्ये असतो. वाचणाऱ्याला तोच दिसला पाहिजे, काही न गाळता आणि काही न घालता. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अटीसाठी आहेत.

1. साधने

लिनक्स किंवा मॅकवर 'एक्सएसएलटीप्रॉक' हा रूपांतर करणारा प्रोग्राम (प्रोसेसर) पुरे. त्याला आधी स्टाइलशीटचे नाव द्यायचे आणि मग एक्सएमएलचे. क्रम उलटा झाला की चूक येते. 'नोनेट' हा पर्यायही लावा, म्हणजे रूपांतर चालू असताना प्रोसेसर नेटवरून काही ओढणार नाही. एक्सएसएलटी 2.0 किंवा 3.0 हवी असेल तर सॅक्सन हा प्रोसेसर वापरा. ब्राउझरच्या भरवशावर राहू नका: क्रोमने 2025मध्ये एक्सएसएलटीचा आधार काढून घेण्याची घोषणा केली आहे.

सरावासाठी एचएल7ने गिटहबवर ठेवलेल्या सी-सीडीएच्या नमुना फाइली घ्या. खऱ्या रुग्णाची फाइल 'ऑनलाइन कन्व्हर्टर'वर कधीही चढवू नका.

2. नेमस्पेस

निम्मे लोक इथेच अडकतात. नेमस्पेस म्हणजे टॅगांची नावे कुठल्या शब्दसंग्रहातली हे सांगणारी ओळख, आणि प्रीफिक्स म्हणजे नावापुढे लावायचे तिचे छोटे रूप. सीडीएचे सगळे एलिमेंट (टॅगांतले घटक) एचएल7 व्ही3च्या नेमस्पेसमध्ये असतात, पण फाइलमध्ये त्यांच्या नावांपुढे सहसा प्रीफिक्स दिसत नाही. म्हणून स्टाइलशीटमध्येही नुसते 'सेक्शन' लिहिले जाते आणि काहीच जुळत नाही. स्टाइलशीटच्या मुळाशी तीच नेमस्पेस एखाद्या प्रीफिक्सला बांधा (एचएल7च्या नमुना स्टाइलशीटमध्ये तो 'एन1' आहे) आणि प्रत्येक पाथमध्ये (एलिमेंटपर्यंत पोचणाऱ्या नावांच्या साखळीत) प्रत्येक नावापुढे तो लावा.

चूक ओळखण्याच्या खुणा दोन. पानावर तुमची शीर्षके आली पण समोरच्या जागा रिकाम्या, तर त्या पाथमध्ये प्रीफिक्स राहिला आहे. सगळा मजकूर सलग, विनातक्त्याचा ओतला गेला आणि जन्मतारीख मात्र गायब, तर तुमचा एकही टेम्प्लेट (एखाद्या एलिमेंटचे काय करायचे हे सांगणारा नियम) जुळलेला नाही. न जुळलेल्या एलिमेंटचा मजकूर एक्सएसएलटी आपल्या अंगभूत नियमाने तसाच बाहेर टाकते. जन्मतारीख अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेल्या मूल्यात, असते आणि त्या नियमाने अ‍ॅट्रिब्यूट बाहेर येत नाहीत.

3. हेडर आणि तारखा

'रेकॉर्डटार्गेट'च्या आत 'पेशंटरोल' आणि त्याच्या आत 'पेशंट' असा उतरत गेलात की नाव, लिंग, जन्मतारीख मिळते. तारीख सलग अंकांत असते: 19560412 म्हणजे 12 एप्रिल 1956. सबस्ट्रिंग फंक्शनने पहिली 4 अक्षरे वर्षासाठी, 5व्यापासून 2 महिन्यासाठी, 7व्यापासून 2 दिवसासाठी घ्या. पण कधी कधी नुसते 1956 एवढेच असते, म्हणून आधी लांबी तपासा: 4 असेल तर फक्त वर्ष, 6 असेल तर महिना आणि वर्ष. महिना अक्षरांतच छापा. 04/12 हे अमेरिकेत 12 एप्रिल आणि आपल्याकडे 4 डिसेंबर वाचले जाते.

मूल्य नसेल तिथे ते का नाही हे सांगणारा 'नलफ्लेवर' कोड सापडेल. 'यूएनके' म्हणजे माहीत नाही, 'नास्क' म्हणजे विचारलेच नाही, 'एएसकेयू' म्हणजे विचारले पण कळले नाही, 'एमएसके' म्हणजे माहिती आहे पण झाकलेली. जागा कोरी न सोडता ही कारणे शब्दांत छापा.

4. मजकूर

टेक्स्टमधले परिच्छेद, याद्या आणि तक्ते एचटीएमएलसारखे दिसतात, पण नेमस्पेस वेगळी असल्याने थेट नकलून चालत नाही. प्रत्येकासाठी छोटा टेम्प्लेट लिहा: 'पॅराग्राफ'चा एचटीएमएल परिच्छेद करायचा आणि आतल्या घटकांसाठी पुन्हा टेम्प्लेट चालवणारे 'अप्लाय-टेम्प्लेट्स' बोलवायचे. 'स्टाइलकोड'मध्ये ठळक किंवा तिरपे लिहिले असेल तर ते पाळा.

एका अ‍ॅट्रिब्यूटकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा: 'कंटेंट'वरचा 'रिव्हाइज्ड'. समजा डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची मात्रा बदलली. आधीच्या '1000 मिलिग्रॅम'वर 'डिलीट' अशी खूण आहे, नव्या '500 मिलिग्रॅम'वर 'इन्सर्ट'. स्टाइलशीटने हे अ‍ॅट्रिब्यूट पाहिलेच नाही तर पानावर 'मेटफॉर्मिन 1000 मिलिग्रॅम 500 मिलिग्रॅम' असे उमटते आणि नर्सने काय समजायचे? वगळलेला मजकूर वेगळा दाखवणे किंवा न दाखवणे मानकानेच बंधनकारक केले आहे. आडवी रेघ मारून दाखवणे चांगले. बदल झाल्याचेही कळते.

5. सुरक्षितता

तक्त्याचे सगळे अ‍ॅट्रिब्यूट सरसकट नकलणे सोपे वाटते आणि तेच घातक आहे. आलेल्या फाइलमध्ये 'ऑनमाउसओव्हर'सारखे (माउस वर नेताच स्क्रिप्ट चालवणारे) काही दडवले असेल तर ते थेट डॉक्टरच्या ब्राउझरमध्ये चालते. सीडीएच्या नमुना स्टाइलशीटमध्ये असे दोष 2014मध्ये उघड झाले होते. कोलस्पॅन, रोस्पॅन, अलाइन अशी परवानगीची यादी करा, बाकी सारे टाका. दुव्याचा पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसने सुरू होत नसेल तर नुसता मजकूर दाखवा.

कधी बॉडीच्या जागी 'नॉनएक्सएमएलबॉडी' असते आणि तिच्यात बेस64मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, गुंडाळलेली पीडीएफ. ती उलगडायला वेगळी छोटी स्क्रिप्ट बरी.

6. छपाई

सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) छपाईसाठी वेगळे नियम ठेवा. तक्त्याचे शीर्षक प्रत्येक पानावर पुन्हा यावे, ओळ दोन पानांत तुटू नये. रुग्णाचे नाव आणि जन्मतारीखही प्रत्येक पानावर हवी, कारण कागद सुटे होतात.

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी एफएचआयआर आर4 हे एचएल7चेच नवे मानक वापरतात आणि त्या नोंदी बहुधा एक्सएमएलऐवजी जेसन या वेगळ्या मांडणीत येतात. तिथे एक्सएसएलटी 1.0 उपयोगाची नाही.

7. तपासणी

नुसते पान चांगले दिसते म्हणून समाधान मानू नका. मूळ फाइलमधल्या सर्व सेक्शनांच्या टेक्स्टमधले शब्द एका फाइलीत काढा, तयार पानातले दुसरीत, आणि दोन्ही ताडून पाहा. शब्द कमी पडले तर कुठल्या तरी टेम्प्लेटने आतल्या घटकांना पुढे बोलावलेले नाही. बहुतेक वेळा दोषी असतो सेक्शनच्या आतला उपसेक्शन: वरच्या सेक्शनचे शीर्षक आणि टेक्स्ट छापून टेम्प्लेट थांबतो आणि 'कंपोनंट'खालचा पुढचा सेक्शन तसाच राहून जातो.