पार्थेनॉनला जाताय? मग संगमरवर असा बघा

अथेन्सला जाऊन टेकडीवरचं अ‍ॅक्रोपोलिस चढायचं, तिथल्या पार्थेनॉन या प्राचीन देवळासमोर सेल्फी काढायचा आणि घामाघूम होऊन खाली यायचं, बरेच जण एवढंच करतात. तुम्ही जरा वेळ काढून दगड बघा. सकाळी लवकर जा, कारण एकतर वर सावली अशी नाहीच आणि दुसरं म्हणजे तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव दिसतात, दुपारी सगळं सपाट दिसतं. शूज ग्रिपवाले घाला, वाटेतला दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालाय.

आधी देवळाच्या कोपऱ्याशी जाऊन जरा वाका, डोळे पायरीच्या लेव्हलला आणा आणि लांब बाजूने नजर टाका. पायरी सरळ नाहीये! मधे ती साधारण 11 सेंटीमीटर वर उचललेली आहे, अरुंद बाजूला 6 च्या आसपास. जमीन खचली वगैरे काही नाही, इ.स.पू. 447 ला काम सुरू झालं तेव्हापासून मुद्दाम तशी केलीये. खांबही किंचित आत झुकलेत आणि कोपऱ्यातले थोडे जाड आहेत.

आता खांब. एकेक खांब म्हणजे 10-12 गोल तुकडे एकावर एक, आणि मधे चुना-बिना काहीच नाही. मग सांधा दिसत कसा नाही? तर प्रत्येक तुकड्याची फक्त बाहेरची कड अगदी तंतोतंत घासायची, आतला भाग हलकासा खोल ठेवायचा, म्हणजे दगड दगडाला कडेलाच टेकतो आणि फट राहत नाही. बरोबर मधे चौकोनी भोक, त्यात लाकडी गुट्टा आणि खुंटी. आसपास सुटे तुकडे पडलेत त्यात हे भोक शोधाच, मला तरी शिल्पांपेक्षा यातच जास्त मजा येते. उभ्या पन्हळी खांबाला 20, त्या बहुतेक खांब उभा झाल्यावर कोरलेल्या.

रंगात फरक दिसेल. मधाळ पिवळसर तो जुना, पेंटेली डोंगराचा, त्यात थोडं लोह असतं म्हणून तो रंग येतो. पांढराफेक तुकडा दिसला की समजा रिपेअरिंग, दगड त्याच डोंगराचा पण नवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत शिशाचं कव्हर न देता लोखंडी पट्ट्या घातल्या, त्या गंजून फुगल्या आणि दगडच फोडला, म्हणून आता टायटेनियम वापरतात. मूळ कारागिरांनी लोखंडाभोवती शिसं ओतलं होतं, म्हणजे त्यांना कळत होतं हो!

मग खालच्या म्युझियममधे जा. मूर्तीचा चेहरा नंतर, आधी मागे जा आणि कपड्यांच्या चुण्यांमधे बघा, रंग राहिला असेल तर तिथेच राहतो. पेप्लोस कोरी नावाच्या मुलीच्या पुतळ्यावर अजून दिसतो. आणि कुठल्याही म्युझियममधे पायाला चिकटलेलं झाडाचं खोड किंवा हात आणि मांडीच्या मधे दगडाचा दांडा दिसला तर संशय घ्या, बहुतेक ती मूळ ब्राँझच्या मूर्तीची दगडातली रोमन कॉपी असते, कारण दगडाला टेकू लागतो, ब्राँझला लागत नाही.

निघताना टेकडीच्या उत्तर बाजूने चाला आणि मान वर करून तटबंदी बघा. भिंतीत चक्क खांबांचे गोल तुकडे बसवलेत, इ.स.पू. 480 मधे पर्शियनांनी अर्धवट बांधलेलं आधीचं देऊळ उद्ध्वस्त केलं त्यातले. ह्याला तिकीटही लागत नाही.