उघड्या टपाची जीटीओ: या चुका टाळा

अमेरिकेत डेट्रॉइटहून पाँटिॲक गावाकडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे रस्त्याकडेला बॉनेट उघडून वाफा सोडत थांबलेल्या गाड्या बघायचा मला नाद आहे. मालकाला काही विचारावं लागत नाही. इंजिन दणदणीत, रंग आरशासारखा आणि बाकीचं सगळं 'नंतर बघू' खात्यात.

माझी गाडी १९६७ ची, पाँटिॲक कंपनीची जीटीओ कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी. त्या वर्षी अशा ९,५१७ निघाल्या. घ्यायला निघाला असाल तर आधी चॅसिस नंबर वाचा. ६६-६७ च्या गाडीचा नंबर २४२ ने सुरू होत नसेल तर ती जीटीओ नाहीच, बिल्ले कितीही चिकटवलेले असोत.

आता माझा दुखरा विषय. गंजलेला फ्लोअर कापायच्या आधी दारांच्या चौकटीला आडवे पाइप मारून घ्या. हे मी सांगतो, कारण मी मारले नव्हते.

साध्या गाडीत छत बॉडीला वरून धरून ठेवतं. उघड्या टपाच्या गाडीत वर काहीच नाही, सगळी भिस्त फ्लोअरवर आणि दाराखालच्या पट्ट्यांवर. मी एका शनिवारी बॉडी फ्रेमवरून उचलली, ग्राइंडर घेतला आणि दोन्ही बाजूंचा फ्लोअर एका दमात कापला. मोठी मर्दुमकी वाटली. पुढचे तीन वीकेंड नवा पत्रा वेल्ड करण्यात गेले. मग दारं टांगली. खालची फट बोट जाईल एवढी, आणि वर दाराचा मागचा कोपरा पत्र्याला घासतोय. बॉडी मधोमध बसली होती आणि मी तिला त्याच वाकलेल्या अवस्थेत पक्की करून टाकली होती. बिजागऱ्या ढिल्या केल्या, वॉशर घातले, शेवटी रागाने लाथही घातली. काही उपयोग झाला नाही. एकेक टाका ड्रिल करून सगळं परत सोडवलं. बायको दारात चहा घेऊन उभी होती. "आधी मोजलं नव्हतंस का रे?" एवढंच म्हणाली.

आता मी असं करतो. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर, दारं जागेवर. फट तपासायला दोन निकेल, म्हणजे अमेरिकेची पाच सेंटची नाणी, एकावर एक ठेवतो, साधारण चार मिलिमीटर भरतात. वर-खाली सारखी फट आली की एक इंची चौकोनी पाइप दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, शिवाय आत एक फुली. मापं मास्किंग टेपवर लिहून काचेला चिकटवतो. मग एकच बाजू कापायची. ती पूर्ण वेल्ड झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. व्हिडिओत हे काम बारा मिनिटांत होतं. तुमच्याकडे होणार नाही.

दुसरी चूक त्या वाफा सोडणाऱ्यांची. गाडी तापली की आधी मोठा रेडिएटर, मग त्याहून मोठा, मग दोन इलेक्ट्रिक पंखे, शेवटी थर्मोस्टॅटच (गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) काढून फेकायचा. पाँटिॲकच्या इंजिनात वॉटर पंपाच्या पात्यामागे पत्र्याची एक पाटी असते. नवा पंप बसवताना ती बाहेरच राहते, नाहीतर पात्यापासून इतकी लांब पडते की पाणी पुढे ढकललं न जाता तिथल्या तिथे घुसळत बसतं. मी लेकीच्या खेळण्यातली क्ले पात्यांवर लावतो, पंप बसवून परत काढतो आणि क्ले किती दबली ते बघतो. जाड राहिली तर पाटी लाकडी हातोडीने हळूहळू पात्याकडे आणायची, पण टेकवायची नाही. एका मित्राच्या गाडीत तर दोष पाटीचाही नव्हता. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूमची नळी कुणीतरी बूच मारून ठेवली होती. सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा चढायचा. तोवर त्याचे दोन रेडिएटर घेऊन झाले होते.

बाकीचं थोडक्यात. तापट कॅम (झडपा उघडणारा दांडा, जास्त ताकदीसाठी बदललेला) आणि व्हॅक्यूम बूस्टरचे, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर पेडल हलकं करणारे, डिस्क ब्रेक यांचं जमत नाही. व्हॅक्यूम कमी पडतो आणि पेडल दगडासारखं लागतं. जुन्या फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या टॅपेटवर घासणाऱ्या) कॅमला झिंक असलेलंच तेल घाला. इथेनॉलवालं पेट्रोल जुने रबरी होज खातं, ते सगळे बदला, 'चांगले दिसतायत' तेसुद्धा. फ्युएल इंजेक्शन बसवलंत तर अर्थची वायर रंगावर कसू नका, पत्रा खरवडा.

टप मात्र सगळ्यात शेवटी, दारं आणि काचा जुळल्यावर. ओला टप मिटायचा नाही, आणि नवा तर निदान महिनाभर उघडायचाच नाही. मागच्या एप्रिलमध्ये एकाचा सकाळी सात वाजता फोन, "दादा, नवा टप आखूड आलाय, पुढचे हूक पोचतच नाहीत, परत पाठवतोय." बाहेर बर्फ नुकता वितळला होता. म्हटलं, गाडी उन्हात लाव आणि दुपारी दोनला फोन कर. दोनला फोन आलाच नाही.